घर आणि कॉलेज यांच्यामधला तो तास

खानदेशात अमळनेर, चोपडा, पाचोरा, शिरपूर, शहादा इथल्या कॉलेजांत शिकणारी बरीच मुलं आसपासच्या खेड्यांतून येतात. सकाळी एसटी किंवा पॅसेंजर, दुपारी परत. जाण्यायेण्याचा हा तास-दीड तास कुठल्याही टाइमटेबलमध्ये लिहिलेला नसतो. पण मुलं घरात जे बोलत नाहीत आणि वर्गात ज्याला वेळ नसतो, ते याच तासात बोलतात. बापाचं कर्ज, आवडलेली मुलगी, नापास होण्याची भीती, सगळं स्टँडवरच्या बाकावर किंवा बसच्या मागच्या सीटवर निघतं.

महामारीनं कॉलेजच्या मुलांचं काय बिघडवलं, असं विचारलं की बहुतेक जण अभ्यास आणि परीक्षा म्हणतात. माझ्या मते सगळ्यात आधी गेला तो हा तास, आणि त्याची नोंद कुणी घेतली नाही. २२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू लागला, पॅसेंजर गाड्या थांबल्या, २५ तारखेपासून सगळंच बंद झालं. जिल्ह्याबाहेर जाणारी एसटी २० ऑगस्ट २०२० ला सुरू झाली, पण कॉलेज बंदच होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये थोडे दिवस दारं उघडली आणि दुसऱ्या लाटेनं पुन्हा मिटली. मग २० ऑक्टोबर २०२१ ला कॉलेजं उघडली, तर काही दिवसांतच एसटीचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. शहरातल्या मुलांचं कॉलेज दीड वर्षानं परत सुरू झालं. खेड्यातल्या मुलांचा तो तास परत यायला दोन वर्षं लागली.

हे आता कशाला लिहायचं? एक तर आज प्रथम वर्षाला बसलेली मुलं तेव्हा सातवी-आठवीत होती. माणसांत मिसळायला ज्या वयात शिकतात, ते वय त्यांनी मोबाइलसमोर काढलं आणि त्याचे परिणाम वर्गात अजून दिसतात. दुसरं, अशी लांबलेली बंदी पुन्हा कधीही येऊ शकते, कारण काहीही असो. तेव्हा काय करायचं ते आताच माहीत असलेलं बरं.

माणसं भरपूर, तरी एकटेपण

शहरी लेखांत लॉकडाऊन म्हणजे एका खोलीत एकटं राहणं असतं. आपल्याकडे उलट झालं. दोन खोल्यांत सहा-सात माणसं, त्यात सुरत-पुण्याहून परतलेला काका आणि त्याचं कुटुंब. दिवसभर कुणीतरी बघतंय, कुणीतरी ऐकतंय. अशा घरात मुलाला रडता येत नाही, मित्राशी मोकळं बोलता येत नाही, नुसतं गप्प बसलं तरी 'काय झालं, काय झालं' सुरू होतं. मग तो मोबाइलमध्ये तोंड घालतो, कारण घरात स्वतःची म्हणावी अशी तेवढीच जागा उरलेली असते. घरच्यांना वाटतं मोबाइलनं पोरगं बिघडलं. भांडण तिथून सुरू होतं.

यावर 'सकारात्मक राहा' म्हणून काही होत नाही. जागा आणि वेळ ठरवून मिळवावी लागते. घरात 'मला एकटं सोडा' म्हटलं की आईच्या पोटात गोळा येतो, म्हणून तसं म्हणू नये. 'रोज साडेसहा ते साडेसात मी ओट्यावर बसून वाचणार आहे, तेवढ्यात मला काम सांगू नका, साडेसातनंतर काहीही सांगा,' असं बोलावं. वेळ कधी संपणार हे सांगितलं की घरचे सहसा मान्य करतात. हे बोलणं सगळे जेवायला बसले असताना करू नये. घरात ज्याचा शब्द चालतो, त्या आजीला नाहीतर मोठ्या काकांना आधी एकट्यात सांगावं.

जागा निवडताना आपल्याकडचं ऊन धरून चालावं लागतं. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. पत्र्याची खोली सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा वाजेपर्यंत डोकं ताळ्यावर ठेवण्याच्या लायकीची राहत नाही. म्हणून तो तास सकाळी सहा ते आठमध्ये किंवा रात्री जेवणानंतर धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, घ्यावा. मुलांना खळं, मळा, पारावरचा कोपरा मिळतो. मुलींना रात्री धाब्यावर एकटीनं बसू देत नाहीत, हे डोळ्यांआड करून सल्ला देण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी चालतो तो मार्ग म्हणजे गल्लीतल्या दुसऱ्या मुलीबरोबर जोडी लावणं. एक दिवस तिच्या घरी, एक दिवस हिच्या, एकाच फोनवर दोघींनी लेक्चर ऐकायचं. लेक्चर तास चालतं, नंतरची वीस मिनिटं दोघींची.

हा बेत हमखास मोडतो तो पाण्याच्या दिवशी. नळ चार-पाच दिवसांनी येत असेल, तर त्या दिवशी तो तास आधीच सोडून द्यावा. ठरवलेलं मोडलं की मुलं पुढचे आठ दिवस बसतच नाहीत. आधीच सोडलेलं असलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतात.

फोनचा हिशोबही असाच रोकडा करावा लागतो. घरात एक स्मार्टफोन, तिघं शिकणारे आणि दिवसाचा दीड जीबी डेटा. व्हिडिओ चालू ठेवून तासाभराचा वर्ग साधारण अर्धा ते एक जीबी खातो. आपला कॅमेरा बंद करून आणि समोरच्यांचे व्हिडिओही बंद करून नुसता आवाज ठेवला, तर तो शंभर एमबीच्या आसपास भागतो. शिक्षकांनी तर दहा मिनिटांची व्हॉइस नोट आणि टाइप केलेली दोन पानं पाठवावीत. ती नोट एक-दोन एमबीत बसते, कमी रेंजमध्येही उतरते आणि पुन्हा ऐकता येते. धडगाव-अक्कलकुवा भागात रेंज मिळेल त्या टेकडीवर जाऊन मुलांनी मोबाइल धरले. अशा मुलाला तासभर लाइव्ह बसवून ठेवणं म्हणजे त्याला वर्गाबाहेर उभं करण्यासारखंच.

झोप आधी

मन बिघडलं की झोप बिघडते हे सगळ्यांना माहीत आहे. झोप बिघडली की मन बिघडतं, याकडे लक्ष कमी जातं. कॉलेज बंद झाल्यावर बहुतेकांच्या दिवसाचा एकच खिळा निखळला, तो म्हणजे सकाळची ठरलेली बस. अठरा-वीसच्या वयात शरीराचं घड्याळ तसंही मोठ्या माणसांपेक्षा उशिरा चालतं. उठायची सक्ती नाही, रात्री धाब्यावर गारवा, हातात मोबाइल. दोन-तीन आठवड्यांत झोप पहाटे तीनवर जाते, उठणं अकरावर. मग घरात 'दुपारपर्यंत लोळतो' हे बोलणं, त्यातून अपराधी वाटणं, आणि ते टाळायला पुन्हा रात्रीचं जागरण.

हे सुलटं करायचं तर झोपायच्या वेळेच्या मागे लागू नये, उठायची वेळ धरावी. आज अकराला उठत असाल, तर उद्या एकदम सहाचा गजर लावू नका. तो दोन दिवस चालतो आणि तिसऱ्या दिवशी मोडतो. रोज पंधरा-वीस मिनिटं अलीकडे यावं. दोन आठवड्यांत अकराचे सात होतात. उठल्याबरोबर वीस-तीस मिनिटं उघड्यावर, उजेडात राहावं. दात घासणं, चहा, गुरांचं पाणी, काहीही चालेल, पण छपराबाहेर. सकाळचा उजेड डोळ्यांत गेल्याशिवाय शरीराचं ते घड्याळ अलीकडे सरकत नाही. दुपारी आपल्याकडे घरंच्या घरं झोपतात, त्यामुळे डुलकी टाळा म्हणणं व्यर्थ आहे. ती तीनच्या आत आणि अर्ध्या तासाच्या आत ठेवावी. चहा-कॉफी चारनंतर नको. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं पाच-एक तासांनीही अंगात असतं. अंथरुणावर पडून वीसेक मिनिटांत झोप लागली नाही, तर उठून बसावं, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाचावं, डोळे जड झाले की परत यावं. कूस बदलत तासभर पडून राहिलं, की अंथरूण म्हणजे काळजी करायची जागा अशी सवय लागते.

यात एक चूक सगळेच करतात. रात्री झोप आली नाही म्हणून सकाळी भरपाई करायला उशिरा उठतात. कितीही वाजता झोप लागो, उठायचं ठरल्या वेळीच. पहिले तीन-चार दिवस डोकं जड राहतं, नंतर रात्र आपोआप अलीकडे येते.

कोविड होऊन गेलेल्या मुलांचं थोडं वेगळं होतं. थकवा, डोक्यात धुकं भरल्यासारखं वाटणं, वाचलेलं लक्षात न राहणं हे काही जणांना आठवडेच्या आठवडे, काहींना महिनोन् महिने पुरलं आणि घरात त्याला आळस हे नाव मिळालं. अशा वेळी एका दिवशी बरं वाटलं म्हणून सगळं काम उरकायला गेलं, की पुढचे दोन दिवस आडवं व्हावं लागतं. पंचवीस मिनिटं काम, दहा मिनिटं आराम, असं मोजून करावं. आणि हे उदासीमुळेच आहे असं ठरवण्याआधी हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्यावं. मुलींमध्ये रक्त कमी असणं फार, शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं फार, आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचीही तपासणी लागते. या सगळ्या गोष्टींत माणूस उदास आणि गळून गेल्यासारखा दिसतो.

छातीत धडधड आणि श्वास लागणं हाही त्या काळातला मोठा गोंधळ. भीतीचा झटका आणि फुप्फुसाचा आजार दोन्हींत दम लागल्यासारखं वाटतं. झटका बहुधा दहा मिनिटांत चढतो आणि मग उतरतो, ऑक्सिजन ९५ च्या वर राहतो. आजारात चालल्यावर दम वाढतो आणि आकडा घसरतो. ९४ च्या खाली गेला तर दवाखाना गाठायचा, वाट बघायची नाही. पण ऑक्सिमीटर थंड बोटावर, नेलपॉलिश किंवा गडद मेंदीच्या बोटावर चुकीचं दाखवतो, त्यामुळे बोट चोळून गरम करावं आणि हात स्थिर ठेवून आकडा थांबेपर्यंत धरावा. दर पाच मिनिटांनी बोट घालून बघण्यानं काळजी वाढतच जाते. आकडा नीट आहे हे एकदा कळलं की चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं पाच मिनिटं करावं. श्वास बाहेर सोडणं लांबलं की धडधड उतरते.

ग्रुप होता, मैत्री गेली

वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप सगळ्यांकडे होता. त्यात गुड मॉर्निंगची फुलं, परीक्षेच्या अफवा, नंतर नंतर श्रद्धांजलीचे फोटो. शंभर माणसांच्या ग्रुपवर 'मला बरं वाटत नाहीये' असं कुणी लिहीत नाही. मैत्री चालते ती दोघा-तिघांत, आणि ती टिकवायला बोलण्यापेक्षा काहीतरी एकत्र करणं लागतं. बसमध्ये दोघं शेजारी बसतात, काम एकच, प्रवास. गप्पा त्यातून आपोआप सुटतात. समोरासमोर 'बोल, काय चाललंय' म्हटलं की मुलगे तर हमखास 'काही नही, बरं शे' म्हणून मोकळे होतात.

म्हणून बंदीच्या काळात दोन माणसांनी ठरलेल्या वेळी, ठरलेलं काम फोनवर एकत्र करावं. रोज रात्री नऊला पंधरा मिनिटं, स्पीकर चालू ठेवून दोघांनी गणितं सोडवायची, किंवा एकानं शेंगा फोडायच्या आणि दुसऱ्यानं भांडी घासायची. पहिली दहा मिनिटं कुणी काही बोलत नाही. खरं बोलणं शेवटच्या पाचांत येतं. व्हिडिओ कॉल नको. त्यात घर दिसतं, मागचा पत्रा दिसतो, आणि ज्याला त्याची लाज वाटते तो फोनच उचलत नाही.

बरेच महिने न बोललेल्या मित्राशी पुन्हा सुरुवात करताना 'विसरलास का रे' असं म्हणू नये, त्याला सफाई द्यावी लागते. अहिराणीत एक छोटी व्हॉइस नोट टाकावी, 'काय करी राहिना भो? जेवना का?' एवढंच. आपल्या बोलीत विचारलं की समोरचा आपल्या बोलीत उत्तर देतो, आणि प्रमाण मराठीत जे निघत नाही ते बोलीत निघतं. 'मी डिप्रेस आहे' असं न म्हणणारा मुलगा 'माले काही गोड लागत नही' असं सहज म्हणतो. रावेर-यावलकडचा 'मले' म्हणेल. हे वाक्य दोनदा ऐकू आलं, तर ते गांभीर्यानं घ्यावं. निळी टिक दिसूनही उत्तर आलं नाही, तर तीन दिवसांनी पुन्हा एक नोट टाकावी, त्यानंतर साधा फोन करावा. उदास माणसाला उत्तर टाइप करणं हे डोंगराएवढं काम वाटतं. त्याचं गप्प राहणं म्हणजे राग, असा अर्थ लावल्यानं त्या काळात कितीतरी मैत्र्या तुटल्या.

सण गेले, त्याचाही हिशोब धरायला हवा. २०२० ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, २६ एप्रिलला, ऐन टाळेबंदीत आली. सासरी गेलेल्या बहिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, तो आपल्याकडचा वर्षातला सगळ्यात मोकळा दिवस. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही तो दिवस जवळजवळ मुकाच गेला. श्रावणात कानबाईच्या सणाला भाऊबंद एकत्र जमणंही तसंच अडलं. कॉलेजच्या मुलीला मोठी बहीण किंवा वहिनी हीच बोलायची एकमेव जागा असते. सणाच्या निमित्तानं होणारं ते बोलणं बुडालं, आणि फोनवर ते होत नाही, कारण तिकडे सासू बसलेली असते.

प्रेम, लग्न आणि फोनचा पासवर्ड

कॉलेजातलं प्रेम स्टँडवर, लायब्ररीत, प्रॅक्टिकलला असतं. ते एकदम फोनवर आलं. दोघांच्याही घरात माणसं, मुलीचा फोन भावाच्या हातात. अशा वेळी दुसऱ्या बाजूला संशय वाढतो. ऑनलाइन होतीस तर उत्तर का नाही? कॉल वेटिंग कुणाचा? मग लोकेशन पाठव, स्क्रीनशॉट पाठव, पासवर्ड दे. याला काळजी म्हणतात, पण ती पाळत आहे आणि दिल्यानं ती थांबत नाही, मागणी वाढत जाते. दिवसातून एक वेळ ठरवावी, ती चुकली तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, मध्ये जाब विचारायचा नाही. हे जमत नसेल, तर त्या नात्यात अडचण लॉकडाऊनची नाही.

फोटोंच्या बाबतीत स्पष्ट बोलतो. खाजगी फोटो मागितले गेले, पाठवले गेले आणि नातं तुटल्यावर त्याची धमकी झाली, असं झालं तर तीन गोष्टी लगेच कराव्यात. धमकीचे मेसेज पुसू नयेत, तारीख-वेळ आणि नंबर दिसेल असे स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या कुणाकडे ठेवावेत. पैसे देऊ नयेत आणि 'एकदा भेट' या मागणीला जाऊ नये. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी, महिलांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांत तिथे नाव न देताही तक्रार होते. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला तातडीनं फोन करावा, जितका लवकर तितकं पैसे अडवणं शक्य होतं. घरात सांगायची हिंमत नसेल, तर मावशी, मामी, कॉलेजातल्या मॅडम, कुणीतरी एक मोठं माणूस बरोबर घ्यावं. धमकी देणारा 'घरी कळेल' या एकाच भीतीवर जगतो. घरातल्या एकाला आपणच सांगितलं की त्याच्या हातातलं हत्यार निम्मं बोथट होतं.

आणि लग्नं. २०२० मध्ये पन्नास माणसांची मर्यादा होती, एप्रिल २०२१ मध्ये पंचवीस माणसं आणि दोन तास. ज्या बापाला लग्नासाठी कर्ज काढावं लागणार होतं, त्याला ही सोय वाटली. कॉलेज बंदच आहे, मुलगी घरीच आहे, खर्चही कमी, उरकून टाका. त्याचा राग करून उपयोग नाही, तो हिशोब खरा होता. पण त्या हिशोबात मुलीची पदवी गेली. असा विषय घरात निघाला, तर 'मला लग्न करायचं नाही' यापेक्षा 'दोन सेमिस्टर राहिली आहेत, फी भरलेली आहे, डिग्री हातात आल्यावर बघा' हे बोलणं जास्त टिकतं, कारण त्यात तारीख आहे. तरीही ठरलंच, तर दहावी-बारावीच्या मार्कशीट, आधार, जातीचा दाखला आणि बँक पासबुक यांच्या मूळ प्रती स्वतःजवळ ठेवाव्यात आणि परीक्षेचा फॉर्म भरण्याचं लग्नाआधी बोलून घ्यावं. मुलगी अठराच्या आतली असेल तर १०९८ या चाइल्डलाइनच्या नंबरवर फोन करावा.

ज्यांचं माणूस गेलं

अंत्यविधीला वीस माणसं. काही घरांत तेवढीही नाहीत. तोंड बघायला मिळालं नाही, दहाव्याला भाऊबंद जमले नाहीत, कुणी गळ्यात पडून रडलं नाही. आपल्याकडे दुःख हलकं होतं ते माणसं जमल्यानं. ते अडलं की दुःख तसंच थिजतं आणि वर्ष-दोन वर्षांनी चिडचिड, दारू, परीक्षेत बसवेना, अशा रूपात बाहेर येतं.

त्यात मोबाइल वापरता येणारा घरातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी म्हणजे कॉलेजचंच पोर. मृत्यूची नोंद २१ दिवसांत, दाखल्याच्या प्रती, बँकेत वारसदार, तलाठ्याकडे वारस नोंद, ५० हजारांच्या सानुग्रह मदतीचा ऑनलाइन अर्ज, हे सगळं त्याच्याच गळ्यात. त्याला रडायला वेळच मिळाला नाही. अशा मित्राला 'काही लागलं तर सांग' म्हणू नका, तो सांगत नाही. 'मंगळवारी तलाठ्याकडे मी येतो,' 'फॉर्म मी भरतो, तू फक्त सही कर,' असं ठरावीक काम उचला. आणि गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोला. 'नाना असते तर आता काय म्हणाले असते?' असं विचारलं की आधी डोळे भरतात, मग तो बोलायला लागतो. नाव टाळणं त्याला जास्त एकटं पाडतं. वर्षश्राद्ध, वाढदिवस, पहिली आखाजी, पहिली दिवाळी, या तारखा फोनमध्ये लावून ठेवा आणि त्या दिवशी जा.

दवाखान्याची वेळ कधी येते

उदास वाटणं आणि उदासीचा आजार यांत रेघ कुठे, हे मोजायला डॉक्टर पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत कशातही रस नसणं, खिन्नता, झोप, थकवा, भूक, स्वतःला कमी लेखणं, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थ येरझारा, आणि मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार. प्रत्येकाला 'मुळीच नाही' म्हणजे शून्य ते 'जवळजवळ रोज' म्हणजे तीन गुण. एकूण २७. पाचच्या खाली काळजी नको, पाच ते नऊ सौम्य, दहा किंवा त्याहून जास्त असेल तर डॉक्टरांना दाखवायचं. शेवटच्या प्रश्नाला शून्याशिवाय काहीही उत्तर आलं, तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी कुणाशी तरी बोलायचं. ही यादी निदान करत नाही, पण 'मला उगीच वाटतंय का' या प्रश्नात अडकलेल्या मुलाला आकडा हातात मिळतो आणि डॉक्टरसमोर बोलायला सुरुवात होते.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणच्या सरकारी मोठ्या दवाखान्यांत मानसोपचार विभाग आहे. घरी कसं सांगायचं हा खरा प्रश्न. 'मला मानसिक त्रास आहे' म्हटलं की घरात 'पोरगं वेडं झालं' इथून सुरुवात होते. झोप आणि भुकेपासून सांगावं. 'तीन आठवडे झाले, झोप लागत नाही, जेवण जात नाही, डॉक्टरला दाखवू.' यात खोटं काही नाही आणि हे कुणालाही कळतं. घरचे भगताकडे किंवा देवाला नेतो म्हणाले, तर त्यावरून भांडण करण्यात शक्ती घालवू नये. देवाला जाऊ, आणि दवाखान्यातही जाऊ, असं म्हणावं. फक्त गोळ्या सुरू झाल्यावर त्या थांबवायच्या नाहीत, एवढं पक्कं करून घ्यावं.

गोळ्यांत चूक होते ती अशी. उदासीवरच्या गोळीचा फरक जाणवायला दोन ते चार आठवडे, कधी सहाही लागतात. मळमळ, डोकं दुखणं, अस्वस्थपणा असले त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच होतात. म्हणजे आधी त्रास दिसतो, गुण नंतर. मुलगा दहाव्या दिवशी गोळी सोडतो आणि 'मला औषध लागू पडत नाही' म्हणतो. पहिल्या काही आठवड्यांत बेचैनी वाढली किंवा मरणाचे विचार जास्त यायला लागले, तर मात्र लगेच डॉक्टरांना कळवायचं. दुसरी चूक, दोन महिन्यांनी बरं वाटलं की एकदम बंद करणं. बंद करायची तर डॉक्टरांच्या सांगण्यानं, हळूहळू कमी करत.

१४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत. फोन लागला की भाषा निवडायची, मग समुपदेशक बोलतो, गरज असेल तर पुढे मानसोपचार तज्ज्ञाकडे जोडतो. पहिल्यांदा फोन करताना तोंडातून शब्द फुटत नाहीत, म्हणून कागदावर तीन ओळी लिहून घ्याव्यात: किती दिवसांपासून, काय होतंय, आज फोन का केला.

मित्राबद्दल शंका असेल तर सरळ विचारा. 'जगणं नकोसं वाटतं का? स्वतःला संपवावं असं मनात येतं का?' विचारल्यानं असा विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून सुटका झाल्यासारखं वाटतं. 'हो' म्हणाला तर उपदेश नको, आईबापाची शपथ नको. त्याला एकटं सोडायचं नाही, घरातल्या एका माणसाला सांगायचं, आणि घरात शेतीची फवारणीची औषधं असतील तर ती त्याच दिवशी कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी हलवायची. 'कुणाला सांगू नको' असं वचन तो मागेल. ते देऊ नका. ती वेळ बहुधा काही तासांची असते, आणि तेवढे तास माणूस जवळ असणं आणि घातक वस्तू लांब असणं यानं जीव वाचतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत विद्यार्थ्यांच्या आत्महत्या २०१९ मध्ये १०,३३५ होत्या, २०२० मध्ये १२,५२६ झाल्या आणि २०२१ मध्ये १३,०८९. या आकड्यांकडे बघून हा परिच्छेद लांब वाटला तरी वाचावा.

परत वर्गात

२०२१ साली बारावीची परीक्षाच झाली नाही, निकाल ९९.६३ टक्के लागला. दहावीचंही तसंच. त्या मुलांना 'कोविड बॅच' हे नाव चिकटलं आणि नोकरीच्या मुलाखतीपासून लग्नाच्या बोलणीपर्यंत ते पुरलं. त्यांनी काही चोरलेलं नव्हतं. शिक्षकांनी वर्गात हा शब्द वापरणं बंद करावं, याला पैसे लागत नाहीत.

तोंडी परीक्षेला हात थरथरणं, प्रॅक्टिकलला जोडीदार न मिळणं, कॅन्टीनमध्ये डबा घेऊन एकटं बसणं हे अजून दिसतं. ही मुलं घमेंडखोर नाहीत, सराव बुडालाय. सराव पायरीनं द्यावा लागतो. पहिल्या आठवड्यात दोघांसमोर वाचणं, पुढच्या आठवड्यात पाच जणांसमोर, मग वर्गासमोर. एकदम स्टेजवर ढकललं की मूल दुसऱ्या दिवशी येतच नाही, आणि गैरहजेरीचा दंड लागला की मग कॉलेजच सुटतं. मेंटॉर शिक्षकाकडे वीसच्या वर मुलं देऊ नयेत. महिन्यातून एकदा प्रत्येकाशी दहा मिनिटं, उभ्या उभ्या नाही, बसून, आणि पहिला प्रश्न मार्कांचा नको. 'कुठल्या गाडीनं येतोस?' हा चांगला. त्यातून गाव, घर, उठायची वेळ, पैशाची ओढाताण, सगळं समजतं.

प्रॅक्टिकलच्या बॅचेस आपल्याकडे आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून पाडतात. त्या एसटीच्या रूटवरून पाडाव्यात. हातेड, अडावद, धरणगाव, ज्या दिशेची मुलं त्या दिशेची एक बॅच. प्रॅक्टिकल एकाच वेळी सुटतं, मुलं एकत्र स्टँडवर येतात आणि त्यांना एकच गाडी मिळते.